पंधरवड्यातली मंगल

"मंगल कुठे आहे? अगं, मंगल कुठे आहे असं विचारतायत ते!"

फोनमधून महेश एवढ्या जोरात ओरडला की गच्चीच्या कठड्यावरचा कावळा चोचीतली शेव टाकून उडाला आणि खाली दुसऱ्या मजल्यावरचे जोगकाका खिडकीतून डोकं काढून वर बघायला लागले. नवरा युरोपात, मी बिबवेवाडीत. मधे जे काही समुद्र असतील ते असोत, त्या दिवशी फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं.

"कोण विचारतंय?" मी म्हटलं.

"ऑफिसातले. रेसिडेन्सीवाले. ते म्हणतात, लग्नाच्या दाखल्यावर बायकोचं नाव मंगल आहे आणि तुम्ही बोलावताय प्राजक्ताला. मग मंगलचं काय केलंत?"

"काय केलंत म्हणजे?"

"तसंच विचारलं त्यांनी. काय केलंत."

जोगकाका खालून म्हणाले, "सापडत नसेल तर सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो."

तर आधी खुलासा. मंगल म्हणजे मीच. प्राजक्ता म्हणजेही मीच. हे वाक्य वाचायला जितकं सोपं आहे, तितकंच एका लहानशा देशाला पटवायला ते अवघड गेलं. त्या अवघडपणात काय काय गेलं ते सगळं आठवायला एक पंधरवडा पुरत नाही. म्हणून दर वर्षी थोडं थोडं आठवते.

कारण पितृपंधरवडा पुन्हा आलाय. गणपती गेले की पुण्याचा आवाज कुणीतरी बटण दाबून बंद करतं. कालपर्यंत छातीत घुमणारे ढोल कुठल्या तरी शाळेच्या व्हरांड्यात चादरी पांघरून पडलेले असतात. मांडवाचे बांबू रस्त्याच्या कडेला रचलेले, आणि त्यांच्यावर रात्रीच्या पावसाचं पाणी. पाऊस जाऊ की राहू करत असतो. दुपारचं ऊन तांब्याच्या घंगाळासारखं तापतं आणि चार वाजता आभाळ काळं होऊन नुसतंच बघत बसतं. सराफांच्या दुकानात माशीसुद्धा शेजारून उसनी आणावी लागते. नवीन स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमधली मुलगी खुर्चीत पेंगते. कुणी काही विकत घेत नाही, कुणी काही सुरू करत नाही. कुणी शुभ बोलायचं धाडस करत नाही. फक्त मंडईत गवार, भोपळा, कारलं आणि अळू यांना सोन्याचा भाव, कारण मेलेल्या माणसांच्या आवडीनिवडी बदलत नाहीत.

आणि कावळे. आमच्याकडे कबुतरं इतकी वाढलीत की कावळा अल्पसंख्याक झालाय. पंधरवड्यात एकेका कावळ्याला सकाळपासून इतक्या सोसायट्या कराव्या लागतात की दुपारी तो वड्याकडे बघून मान फिरवतो; मी स्वतः कावळ्याला ढेकर देताना ऐकलंय. म्हणून मी तिथीच्या चार दिवस आधीपासून गच्चीवर शेव टाकून एखादा कावळा लावून ठेवते. लोक म्हणतात, ही वाढवून सांगते. मी वाढवत नाही. गोष्टी मुळात मोठ्याच असतात, बाकीचे लोक त्या आखडून सांगतात.

आता नावाचं. माझ्या सासूबाईंचं नाव मंगला. लग्नाच्या बैठकीतच त्यांच्या नणंदेनं जाहीर केलं, एका घरात दोन मंगळ नकोत. मग मांडवात ताटभर तांदूळ आले, त्यावर महेशनं सोन्याच्या अंगठीनं माझं नवं नाव कोरलं. त्याचं अक्षर असं की मला ते 'प्राजक्ता'पेक्षा 'पराजित' असं जास्त वाचता आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. म्हणजे माझं नवं नाव मी पानात वाढून घेतलं, वरून तूप घेतलं आणि खाल्लं. इतकं रीतसर नामांतर कुठल्या सरकारनं केलं असेल?

पासपोर्टवर प्राजक्ता आलं. बँकेत, गॅसवर, सोसायटीच्या बिलावर प्राजक्ता. पण मंगल काही कुठं गेली नव्हती. ती हडपसरला होती, आबांकडे. माझ्या वडिलांनी वीस वर्षांत एकदाही मला प्राजक्ता म्हटलं नाही. बिबवेवाडीहून निघायचं, स्वारगेटला बस बदलायची, तिथंच नावही बदलायचं. पलीकडे उतरले की मंगल. परतताना पुन्हा स्वारगेटला ती उतरायची आणि प्राजक्ता चढायची. कंडक्टरनं कधी दोन तिकिटं मागितली नाहीत.

त्या देशाचं नाव सांगत नाही. एक तर आमच्या फायलीवर अजून कुणाची तरी नजर असेल. दुसरं म्हणजे नकाशात ते नाव त्या देशाच्या अंगावर मावतच नाही, शेजारच्याच्या अंगणात लिहून तिथून बाण काढावा लागतो. महेश म्हणायचा, सायकलवर शिंक आली तर डोळे उघडेपर्यंत आपण परदेशात. तो हडपसरच्या कारखान्यात मशिनं बसवायचा, त्याच ओळखीवर तिकडे गेला. त्याला तिथं राहायचं कार्ड मिळालं. लेक शिकायला बंगलोरला गेली. मी मागून जायचं ठरलं होतं, पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या. आणि त्या देशाचा नियम असा की बायकोचा अर्ज दिलेल्या मुदतीत पुरा झाला नाही, तर तो कायमचा बाद. मुदत त्या महिनाअखेरची होती.

तिथं शांतता फार. आधी मला त्याचं कौतुक वाटायचं. रविवारी रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो. जिन्यात शेजारी मान हलवतात, बोलत नाहीत. महेश आधी रोज तासभर बोलायचा. मग जेवताना नुसता फोन समोर उभा करायला लागला. मी इथलं सगळं सांगायची, तिकडून फक्त चमच्याचा आवाज. एकदा विचारलं, "अहो, काय जेवताय?" तर म्हणाला, "आठवत नाही." ताट समोरच होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही मी. पण त्या दिवसापासून मला त्या देशाची भीती वाटायला लागली. माणूस न दुखवता, न ओरडता, नुसता हळूहळू पुसून टाकणारा देश.

म्हणून तो ओरडला तेव्हा, खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. आवाज शिल्लक होता.

तर मंगलचा प्रश्न. महेशनं काउंटरवरच्या बाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो संवाद त्यानं मला जसा सांगितला तसा देते.

"आमच्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलतात."

"आडनाव."

"नाही, नावच."

"का?"

"माझ्या आईचंही नाव तेच होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं म्हणे. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आईमुळे तुम्ही बायको बदललीत?"

मी शिवाजीनगरला कोर्टाबाहेर जाऊन प्रतिज्ञापत्र केलं. मी प्राजक्ता सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की मंगल आणि मी एकच. शिक्का असा ठोकला की टेबलावरचा चहा सांडला. तिकडून उत्तर आलं: प्राजक्ताची सही मिळाली, आभारी आहोत. आता मंगलचीही सही पाठवावी. त्या दोघी एकच आहेत याला दोघींची संमती दिसायला हवी.

हसू नका. मी हसले होते, आणि त्यानंतरच सगळं बिघडत गेलं.

आमचा एजंट केतन बुधवार पेठेत बसायचा, खाली वायरी आणि चार्जरची दुकानं आणि वर लाकडी जिना चढून त्याचं ऑफिस. जिन्याला एकही सरळ पायरी नव्हती. त्या दिवशी दगडूशेठच्या बाजूलाही गर्दी नव्हती, इतका पंधरवडा जोरात होता. केतन खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. मंगलचा इश्यू क्लोज झालाय."

"कसा काय?"

"त्यांना दोनच ऑप्शन चालतात. डिव्होर्स नाहीतर डेथ. तुमच्या फोल्डरमध्ये डेथ होती. मी अपलोड केली."

मला आधी कळलंच नाही. फ्लॅट महेशच्या नावावर करताना सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला स्कॅन केला होता, तो त्याच फोल्डरमध्ये पडून होता. मंगला शंकर. लग्नाच्या दाखल्यावर मंगल. इंग्रजीत दोघींमध्ये शेवटच्या एका 'ए'चा फरक, आणि शंकर तर महेशच्या नावातही मधोमध बसलेला. नवरा कोण, बाप कोण, सासरा कोण हे त्या देशाला कळायची काहीच सोय नव्हती.

"अरे, त्या माझ्या सासूबाई," मी म्हटलं.

"गेल्यात ना पण त्या?"

"हो, पण…"

"मग त्यांना काय फरक पडतोय मॅडम?"

मी उठून जिना उतरले. प्रत्येक पायरी वेगळी वाकडी. खाली एका दुकानात चालू करून ठेवलेल्या टीव्हीवर माझाच चेहरा दिसला. दारातल्या कॅमेऱ्यासमोर कुणी आलं की ते त्यात दिसत होतं. मी थांबले, चेहरा थांबला. मग मी हलले, आणि तो थोडा उशिरा हलला. दुकानदार म्हणाला, डिले आहे ताई, वायरचा प्रॉब्लेम. असेल.

तिकडून पत्र आलं ते महेशनं मला फोनवर वाचून दाखवलं. आपल्या प्रथम पत्नीच्या निधनाबद्दल हा विभाग आपल्या दुःखात सहभागी आहे. द्वितीय पत्नी प्राजक्ता यांचा अर्ज तत्त्वतः मान्य. वाचता वाचता तो हसला. किती महिन्यांनी हसला. "अगं, झालं. झालं की," म्हणाला. "आता ये." त्या हसण्यासाठी मी काहीच बोलले नाही. नाव काय, ताटात पुन्हा तांदूळ पसरता येतात.

पण मेलेल्या माणसाच्या नावाचं वजन असतं, हे मला त्या पंधरवड्यात कळलं. दुसऱ्या दिवशी बँकेत अंगठा उमटेना. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मॅडम, पुसून लावा." पुसून लावला. "दुसरं बोट." दुसरं बोट. दहाही बोटं झाली, मशीन गप्प. ती म्हणाली, घरकाम करणाऱ्या बायकांचं होतं असं, ठसे झिजतात. मी मान हलवली. मॉलमध्ये गेले तर आपोआप उघडणारं दार माझ्यासमोर उघडलं नाही. मी पुढे, मागे, पुन्हा पुढे. माझं वजन पाहता त्या दारानं मला न बघणं अवघडच होतं. शेवटी एक मूल आईचं बोट धरून आलं, त्याला दार उघडलं, मी त्याच्या मागून आत शिरले. रिक्षावाले थांबत नव्हते, पण ते पुण्यात जिवंत माणसालाही थांबत नाहीत, म्हणून ते मी धरत नाही.

मग सासूबाईंची तिथी आली. अळूचं फदफदं, खीर, कढी, वडे, आमसुलाची चटणी, सगळं त्यांच्या हाताला जमायचं तसं केलं. तिकडून महेशनं फोनवरच हात जोडले. गच्चीवर पान ठेवलं, पाण्याची वाटी ठेवली. लावलेला कावळा आला. पानाभोवती फिरला. एक डोळा पानाकडे, एक डोळा माझ्याकडे. आणि बाजूला सरून कठड्यावर बसला.

मी म्हटलं, सासूबाई, मुलाकडे जाऊन त्याची काळजी घेईन. कावळा हलला नाही. म्हटलं, तुमच्या पाटल्या लेकीला देईन, मोडणार नाही. नाही. म्हटलं, चहा सोडते. हे मी खोटं बोलले, आणि कावळ्याला ते लगेच कळलं. त्यानं पाठच फिरवली. आणखी कावळे आले. शेजारच्या टाकीवर, केबलवर, डिश अँटेनावर. बिबवेवाडीत एवढे कावळे आहेत हे मला माहीत नव्हतं. एकही ओरडला नाही. सगळे पानाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. अळूवर साय धरली, खिरीवर मुंग्या आल्या, ऊन कलून आभाळ काळं झालं. मग मी अगदी हळू म्हटलं, सासूबाई, तुमचं मरण मी घेतलं नाही हो, केतननं लावलं माझ्या नावाला. मला त्यात जागा करून द्या थोडी, मी लवकरच रिकामं करते.

जोगकाका जिना चढून वर आले. पान बघितलं, कावळे बघितले, मला बघितलं.

"दर्भाचा कावळा करून लावा," म्हणाले. "शास्त्रात चालतो. त्याला भूक नसते आणि तो काही विचारतही नाही."

लावला. गवताच्या चोचीनं सासूबाई जेवल्या.

हे झालं आणि केतनचा फोन आला. शेवटची एक फॉर्मॅलिटी. तो देश लहान, तिथं माणसं थोडी आणि वेळ रग्गड, म्हणून तिथं मेलेल्याचीही चौकशी होते. मयत मंगलच्या सर्वांत जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला व्हिडिओ कॉल होईल. एकच प्रश्न विचारतील. जन्माच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आहे, म्हणून वडिलांना. दिवस त्यांनी ठरवला, आणि दिवस निघाला सर्वपित्री अमावस्येचा. त्यांना काय माहीत, आमच्याकडे त्या दिवशी सगळेच मेलेले जेवायला येतात.

आबांविषयी सांगायला हवं. आबा कधीही कुठं गेले नाहीत. हडपसर गाव होतं तेव्हा ते तिथं ऊस लावायचे. मग शहर चालत आलं, बांधावरून आत शिरलं, आणि एक दिवस आबा बाजेवर बसल्या जागी पुणेकर झाले. त्यांना कुणी अर्ज मागितला नाही, मुलाखत घेतली नाही, पहिल्या हडपसरचं काय केलंत असं विचारलं नाही. उसाच्या जागी खोल्या झाल्या. त्या खोल्यांत विदर्भाकडची पोरं राहतात, कारखान्यातली, आयटी पार्कातली. नवा भाडेकरू आला की आबा दोनच प्रश्न विचारतात, "नाव काय, गाव कुठलं." पोलिसांचा भाडेकरूंचा फॉर्म भरायचा असतो तो मी भरते. आबांना तो पटत नाही. म्हणतात, मानूस समोर उभं हाय, कागद कशाला इचारायचा?

आई गेली तेव्हा मी अंगणात होते. आबांनी एकेका नातेवाइकाला फोन लावला आणि प्रत्येकाला एकच शब्द सांगितला. "गेली." पुढं काही नाही. फोन ठेवायचे, पुढचा नंबर. त्या दिवसानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. एस.टी. गेली का विचारलं तरी म्हणायचे, "हुकली."

आणि मी अमावस्येच्या सकाळी त्याच माणसाकडे तोच शब्द मागायला निघाले. स्वारगेटला बस बदलली, नाव बदललं की नाही ते आठवत नाही. मी मोठी युक्ती काढली होती. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

"आबा, खोटं काहीच बोलायचं नाही," मी म्हटलं. ते बाजेवर बसून भोपळ्याच्या फोडी करत होते. "ते विचारतील, मंगल कुठे आहे. तुम्ही एवढंच म्हणायचं, गेली."

"कुठं?"

"ते विचारणार नाहीत. लग्न होऊन गेलेच की मी. सासरी गेली, तीही गेलीच. शब्द खराच आहे."

"त्यानला काय कळंल?"

"त्यांना जे कळायचं ते कळेल."

आबांनी भोपळ्याचं बी बोटानं काढून बाजूला ठेवलं. "मग तू तिकडं जानार."

"हो."

"पराजक्ता म्हनून."

"हो, आबा."

"बरं," आबा म्हणाले.

कडुनिंबाखाली आईचं पान ठेवलं. कावळा लगेच आला, वडा उचलला, गेला. इतकं सरळ. मला उगीच रडू आलं आणि मी ते भोपळ्यावर ढकललं. कांदा नव्हता घरात.

फोन आला तो अठरा आकडी नंबरावरून. कमी असतील, पण संपत नव्हते. पडद्यावर एक गोरे साहेब, अगदी नीट केस विंचरलेले, आणि बाजूला चौकोनात एक दुभाषी बाई. बाईंचं मराठी इतकं शुद्ध की अंगणातली कुत्रीसुद्धा उठून बसली. मी तुळशीवृंदावनामागे लपले होते. वृंदावन वीतभर, मी केवढी, पण लपले होते.

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "आपली कन्या मंगल हिच्याविषयी या विभागाला अतीव खेद आहे. एकच विचारावयाचे होते. मंगल कुठे आहे?"

आबांनी फोन लांब धरला. निंबाची पानं सळसळली आणि थांबली. पलीकडच्या खोलीतला पोरगा मोटरसायकल चालू करत होता, तोही का कोण जाणे थांबला. मी ओठांनी शब्द तयार करून दाखवत होते. गे. ली.

"हाय," आबा म्हणाले.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला. "हाय," ते म्हणाले.

आबांनी माझ्याकडे बघितलं. बाई घाईनं म्हणाल्या, "साहेब आपल्याला अभिवादन करीत आहेत. आपण उत्तर द्यावे. मंगल कुठे आहे?"

"हाय म्हनलं न्हवं."

साहेबांनी पुन्हा हात हलवला. "हाय, हाय." त्या देशातला इतका प्रेमळ माणूस मी पाहिला नव्हता, आणि तो मी मेले असल्याची खात्री करायला बसला होता.

मग आबांनी फोन वळवला. सरळ माझ्यावर. वृंदावनामागे, हातात वड्यांचं ताट, पदर खोचलेला, तोंड 'गे' म्हणण्याच्या आकारात उघडं.

"ही काय," आबा म्हणाले. "हितं हाय."

साहेब पुढे झुकले. खाली कागदाकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. फायलीत माझा फोटो होता, प्राजक्ता नावाचा. ते काहीतरी पुटपुटले. बाईंचं शुद्ध मराठी थोडं गडबडलं. "ते विचारतात… या प्राजक्ता ना?"

"त्यांच्यात पराजक्ता," आबा म्हणाले. "आमच्यात मंगल."

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि लिहायला लागले, आणि लिहीत राहिले, आणि पडदा काळा झाला तेव्हाही ते लिहीतच होते. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मला तो हात दिसतो, लिहिणारा, न थांबणारा.

खोटा दाखला जोडल्याबद्दल अर्ज बाद. महेशच्या स्वतःच्या कार्डाचीही चौकशी लागली. ते राहिलं, पण दर वेळी मुदत वाढवताना आता त्याला वेगळ्या खोलीत बसवतात आणि आईविषयी विचारतात. केतनचं ऑफिस बंद झालंय; जिना आहे, वर काही नाही. महेश वर्षातून एकदा येतो. इथं आला की पहिले दोन दिवस जिन्यात शेजाऱ्यांना नुसती मान हलवतो, तिसऱ्या दिवशी जोगकाकांशी भांडतो, मग मला बरं वाटतं. तो तिथला रहिवासी, मी इथली. सासूबाईंच्या पानाला मात्र पुढच्याच वर्षी कावळा शिवला, मी काही कबूल न करता. त्यांचं त्यांना परत मिळालं असावं. अंगठाही उमटतो आता. दारं उघडतात. फक्त पंधरवडा आला की कठड्यावर कावळे जमतात आणि मी आधी माझ्याच हाताकडे बघून घेते.

आजही गच्चीवर शेव टाकून आले. एक आलाय. बघतोय.

त्या अमावस्येला पडदा काळा झाल्यावर मी वृंदावनामागून बाहेर आले. ताट खाली ठेवलं, आत गेले, स्टो पेटवला. आलं ठेचत होते तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आबा फोन नेहमी स्पीकरवरच उचलतात, सगळी आळी ऐकते. महेश होता. त्याला कळलं होतं. तो ओरडेल म्हणून मी आलं ठेचायचं थांबले. पण तो ओरडला नाही. इतक्या खालच्या आवाजात बोलला की स्टोच्या भरभरीतून मला तो कसाबसा ऐकू आला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ते नाव स्वतःहून घेतलं.

"आबा," तो म्हणाला, "मंगल कुठे आहे?"

"हाय," आबा म्हणाले. "च्या टाकतीया."